चारशे पौंडांचं लोखंड आणि आरशातले चार दिवे

माझ्या गाडीच्या आरशात मागच्या गाडीचे दिवे दोनाचे चार दिसायचे. दिवस मावळल्यावर छत उघडं टाकून इंग्लंडमधल्या डर्बीहून मॅटलॉककडे निघालं की रस्त्यावरच्या पहिल्याच ठिगळावर आरसा शहारायचा, त्यामागोमाग स्टीअरिंग हातात थरथरायचं आणि दरवाजातून कोल्हापूर-गारगोटी एसटीच्या खिडकीसारखा खडखडाट सुरू व्हायचा. गाडी १९९१ ची युनोस रोडस्टर, म्हणजे जपानी बाजारासाठीची माझदा एमएक्स-५. अमेरिकेत हिलाच मियाटा म्हणतात. दोन सीट, १.६ लिटरचं इंजिन, ताकद मागच्या चाकांना, वजन ९४० किलोच्या आसपास. तिशी उलटलेल्या गाडीने थोडं कुरकुरायचंच, असं नवऱ्याचं मत. मला मात्र हिला खालून आधार द्यायची हौस सुटली.

त्या हौसेपायी दोन वर्षांत तीन हप्त्यांत लोखंड विकत घेतलं. स्ट्रट बार, मग माझदाच्याच नंतरच्या गाडीवरून उतरवलेले जुने ब्रेस, म्हणजे बॉडी ताठ ठेवणारे आधाराचे दांडे, आणि शेवटी फ्लोअरखाली बसणारं फ्रेम रेलचं मोठं किट. ‘ब्रेसिंग केल्यावर गाडी वळणाला रुळावरून गेल्यासारखी जाते’ असं ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकलं होतं. माझी गेली का, ते सांगते.

आधी मुळात गाडी थरथरते कशामुळे, ते. घरातली काडेपेटी घ्या. आतला खण बाहेर काढून दोन्ही टोकांना धरून पिळा. सहज पिळवटतो. आता तोच खण वेष्टनात सरकवून पिळा. हलत नाही. छताची गाडी म्हणजे वेष्टनासकट काडेपेटी आणि रोडस्टर म्हणजे नुसता खण. छप्पर गेलं की सगळा पीळ दरवाजाखालच्या सिलवर, मधल्या बोगद्यावर आणि फ्लोअरवर येतो. या गाडीच्या फ्लोअरखाली दोन्ही बाजूंना पुढून मागे गेलेल्या पत्र्याच्या पन्हळी आहेत, त्यांनाच फ्रेम रेल म्हणतात. नाव भारदस्त, पत्रा पातळ. तीस वर्षांत कुणी ना कुणी तिथेच जॅक लावलेला असतो. माझ्या गाडीच्या डाव्या पन्हळीवर कुणीतरी पाय दिलेला तेलाचा डबा आठवावा, इतकी ती चेपली होती.

खाली वाकून पाहणाऱ्याला गिअरबॉक्सपासून डिफरन्शिअलपर्यंत (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीपर्यंत) गेलेली ॲल्युमिनियमची भोकाभोकांची लांब पट्टी दिसते आणि तो म्हणतो, ‘एवढा मोठा कणा आहे की हिला!’ तो कणा नव्हे. त्याला पॉवर प्लांट फ्रेम म्हणतात. गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल एका रेषेत बांधून ठेवणं एवढंच त्याचं काम, त्यामुळे पाय दाबताच मागची चाकं हुकूम पाळतात. बॉडीला तो बोल्टने जोडलेलाच नाही, त्यामुळे बॉडीच्या पिळाशी त्याचं देणंघेणं नाही.

पहिला हप्ता, स्ट्रट बार. ८५ पौंड. चकचकीत ॲल्युमिनियमचा दांडा, बॉनेट उघडलं की पुढच्या दोन शॉकच्या, म्हणजे शॉक ॲब्झॉर्बरच्या, टॉवरना जोडणारा. चार नट काढा, दांडा ठेवा, नट आवळा, झालं. चहा गार होण्याआधी काम संपलं. फेरी मारून आले आणि शपथेवर सांगते, गाडी बदलल्यासारखी वाटली. नाक वळणात पटकन शिरतंय, स्टीअरिंग जड झालंय, सगळं काही वाटलं. फोटो कोल्हापूरला आबांना पाठवला.

आबांची उद्यमनगरात लेथची शेड होती, चाळीस वर्षं. त्यांचा फोन आला.

“देखणा आहे दांडा. पण मला सांग, चाकाचा वरचा हात कुठं धरलाय?”

मी म्हटलं, सबफ्रेमला, म्हणजे बॉडीच्या खाली बोल्टने बसवलेल्या चौकटीला.

“मग टॉवरला दांडा लावून चाकाला काय कळणार गं?”

मी गप्प. मेकॅनिकलची डिग्री माझी, आणि प्रश्न दहावी शिकलेल्या माणसाचा.

आबांचं बरोबर होतं. स्विफ्ट, पोलोसारख्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. तिथे चाकाचं वरचं टोक टॉवरच धरून ठेवतो, टॉवर हलला की चाकाचा कोन हलतो, त्यामुळे तिथे दांड्याला निदान बोलायला जागा आहे. या रोडस्टरला मात्र चारही चाकांना डबल विशबोन. वरचा हातही सबफ्रेमला आणि खालचाही सबफ्रेमला. टॉवरवर फक्त स्प्रिंग आणि शॉकचा भार येतो. टॉवर केसभर हलला तरी चाकाच्या कोनाला त्याची खबर नसते.

तरी मन मानेना, कारण फरक तर ‘वाटला’ होता. मग नवऱ्याला कामाला लावलं. त्याला गाड्यांमधलं काही कळत नाही, आणि या कामाला तसाच माणूस हवा होता. रविवारी सकाळी मी घरात बसायचे, तो बाहेर जाऊन नाणं उडवायचा आणि त्याप्रमाणे दांडा लावायचा किंवा काढायचा, दोन्ही वेळी नट तेवढेच आवळायचे, बॉनेट बंद. मग मी घराजवळची तीन मैलांची ठरलेली फेरी मारायची, त्यात एक खराब उजवं वळण आणि रेल्वेच्या पुलावरचा सांधा, आणि परत येऊन सांगायचं, दांडा आहे की नाही. आठ फेऱ्या. तो वाण्याच्या पावतीच्या पाठीवर खुणा करत होता आणि चेहऱ्यावर काही दिसू देत नव्हता, हे त्याला बरं जमतं. आठातल्या चार बरोबर आल्या. नुसतं नाणं उडवून मीही तेवढ्याच बरोबर सांगितल्या असत्या. सहाव्या फेरीनंतर तर मी दार उघडायच्या आत ओरडले होते, “आहे! शंभर टक्के आहे!” दांडा हॉलमधल्या छत्र्यांच्या स्टँडमध्ये उभा होता.

आठ फेऱ्यांनी विज्ञान सिद्ध होत नाही, मान्य. पण ८५ पौंडांचा निकाल लावायला मला तेवढ्या पुरल्या.

दुसरा हप्ता स्वस्तातला, आणि पैशाच्या मानाने सगळ्यात चांगला. माझदाने १९९४ च्या मॉडेलला १.८ इंजिन दिलं, तेव्हा बाजूने बसणाऱ्या धडकेचे नवे नियम पाळण्यासाठी बॉडीही भक्कम केली. पुढच्या आणि मागच्या सबफ्रेमला जादा ब्रेस आले आणि सीटांच्या मागे, सीटबेल्टच्या दोन मनोऱ्यांमध्ये, एक आडवी नळी आली. म्हणजे घरच्याच डॉक्टरने स्वतःच्या मुलीला लिहून दिलेलं औषध. भंगारात निघालेल्या १.८ वरून हे तिन्ही भाग मला ६० पौंडांत मिळाले. खालचे दोन बसवताना फार कटकट झाली नाही, आडव्या नळीसाठी मात्र थोडी जुळवाजुळव करावी लागली. आरशातले दिवे चाराचे तीन झाले म्हणा. सीटमागचा एक खास चिरका आवाज होता, तो कायमचा गेला.

खरं रामायण तिसऱ्या हप्त्याचं. फ्रेम रेलचं किट म्हणजे त्या पातळ पन्हळींवर टोपीसारख्या बसणाऱ्या जाड पोलादी पन्हळी, आणि दोन्हींना मधून तिरके जोडणारे दांडे. वरून पाहिलं तर फुलपाखरू दिसतं, म्हणून त्याला बटरफ्लाय ब्रेस म्हणतात. अशी किटं चार-पाच जण बनवतात, घाट तोच. मला घरपोच ४०० पौंडांच्या आतबाहेर पडलं. बाथरूमच्या काट्यावर ठेवलं तर साधारण १४ किलो.

बसवण्याच्या आदल्या आठवड्यात पुन्हा आबा. “अगं, बाहेरनं लोखंड बांधतीस ते बांध. पण आतला पत्रा कुजलाय काय ते बघ की आधी.”

या देशात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. शिवाय या गाडीच्या कापडी छताचं पाणी सीटामागून नळीने खाली जातं. ती नळी पानाकचऱ्याने तुंबली की पाणी सिलमध्ये उतरतं आणि मागच्या चाकाच्या पुढचा तुकडा आतून कुजतो. बाहेरून रंग शाबूत. मी स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिथे टेकवलं, जरासं दाबलं, आणि ते शिळ्या भाकरीत जावं तसं आत गेलं. दुसऱ्या बाजूलाही तेच. तोच सिल, ज्यावर छत नसलेल्या गाडीची अर्धी ताकद उभी असते. एमओटीच्या वार्षिक तपासणीतही ही जागा कुजकी सापडली की गाडी नापास, कारण सीटबेल्टची आणि सस्पेन्शनची बैठक जवळच आहे. वेल्डिंगला किटच्या दुपटीहून जास्त पैसे गेले. ते मी इथे मोजत नाही, पण घरात ते मोजले गेले.

त्यातून एक गोष्ट बरी झाली. मापं घ्यायची संधी मिळाली. मागचा सस्पेन्शनचा डावा हात जॅकने उचलत न्यायचा, उजवं मागचं चाक हलकं होईपर्यंत. बॉडीला पीळ बसतो आणि दरवाजाच्या वरच्या मागच्या कोपऱ्यातली फट बदलते. तिथे फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) सरकवून किती बदलली ते बघायचं. वेल्डिंगच्या आधी फट सुमारे दीड मिलिमीटरने बदलत होती. वेल्डिंगनंतर एकाच्या आसपास. किट बसवल्यावर अर्ध्याहून किंचित जास्त. म्हणजे कुजका पत्रा बदलून जितकं मिळालं, जवळजवळ तितकंच किटने दिलं. गाडीची बॉडी धड असेल तर हे अर्ध्याचं गणित तुम्हाला लागू नाही. पण तिशीतली गाडी इंग्लंडच्या पावसात राहिलेली असेल, तर पहिला खर्च कशावर करायचा ते स्क्रू ड्रायव्हरला विचारा.

आता बसवण्याची कथा. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं ‘चार तास’. मला दोन शनिवार लागले. चेपलेल्या पन्हळी आधी ठोकून सरळ कराव्या लागतात, नाहीतर टोपी बसत नाही. ते काम पाठीवर झोपून, डोळ्यांत गंज पडत. मग सीट बाहेर, गालिचा वर, आणि फ्लोअरमधून ड्रिलने आरपार भोकं. तिसऱ्या भोकाला माझा उतावळेपणा नडला. गालिच्याची कड पूर्ण मागे दुमडली नव्हती. बिटने एक धागा पकडला आणि डोळ्यांदेखत वीतभर गालिचा दोरीसारखा ड्रिलभोवती गुंडाळला. ड्रिल हातातून फिरून मनगटावर आपटलं. गालिच्याला टकलाचा पट्टा पडला आहे, तो आता पायपुसणीखाली झाकलेला असतो. किटचाही दोष सांगते, उजव्या रेलची मागची दोन भोकं जुळत नव्हती, कानशीने लांबट करावी लागली. ४०० पौंडांना ही कानस मला रुचली नाही.

प्रत्येक भोकाच्या कडेला झिंक प्रायमर, आणि दोन पन्हळींच्या मधल्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स भरपूर. हे टाळलंत तर नवी टोपी पाणी धरून ठेवेल आणि आतली पन्हळ गुपचूप खाऊन टाकेल. विमा कंपनीला बदल कळवावा लागतो, तोही कळवला.

पहिली फेरी मुद्दाम क्रॉमफर्डहून वर जाणाऱ्या व्हिया जेलियाच्या रस्त्यावर काढली. क्रॉमफर्ड म्हणजे जिथे आर्कराइटने १७७१ मध्ये पाण्यावर चालणारी सूतगिरणी काढली ते गाव. तिथून ए-५०१२ झाडीतून वळत वळत चढतो, आणि त्याच्या कडा, ठिगळं, खचलेल्या जागा यांना तोड नाही. सस्पेन्शनची तक्रार ऐकायची असेल तर या रस्त्यावर यावं.

आणि इथे किटने पैसे वसूल केले. आरसा स्थिर. दिवे दोनच. पूर्वी वळणाच्या मध्यात खड्डा आला की स्टीअरिंग हातात काहीतरी बडबडायचं, चाकाने सांगितलेलं आणि डॅशबोर्डने भर घातलेलं एकत्र, आणि माझा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उठायचा. आता खड्डा एकदा ‘धप्’ म्हणतो आणि विषय संपतो.

याचं कारण साधं आहे. चार चाकांना चार स्प्रिंगा, प्रत्येकीसोबत शॉक, म्हणजे हेलकावा थांबवायला कुणीतरी बसलेलं. उघडी बॉडी ही पाचवी स्प्रिंग, आणि तिला शॉक नाही. चाक खड्ड्यातून उडतं ते सेकंदाला साधारण १०-१५ वेळा, आणि छत नसलेली बॉडी पिळवटायची स्वतःची लय त्याच्या जवळपासच असते. दोघांची लय जुळली की थरथर लांबत जाते. बॉडी ताठ केली की तिची लय वर सरकते आणि संगत सुटते. आबांना सांगितलं तर म्हणाले, “हे तर चॅटर. लेथचा बेड ढिला असला की जॉबवर लाटा उठतातच.”

मग गाडी वळणाला जास्त चांगली झाली का? तर इथे मला लोकांच्या बोलण्यातून बाजूला व्हावं लागतं. पकड तीच राहिली. जोरात आत शिरलं की पुढची चाकं पूर्वी जिथे बाहेर सरकायची तिथेच सरकतात. लिचफिल्डजवळच्या कर्बरोच्या छोट्या स्प्रिंट कोर्सवर किटच्या आधी एकदा आणि नंतर एकदा सरावाला गेले होते. दोन दिवसांच्या वेळांमधला फरक माझ्याच एका दिवसातल्या दोन फेऱ्यांमधल्या फरकापेक्षा कमी होता. गुळगुळीत डांबर, मूळच्या मऊ स्प्रिंगा, साधे टायर, अशा गाडीत बॉडीवर येणारा पीळच बेताचा असतो. बॉडी सस्पेन्शनच्या मानाने आधीच पुरेशी ताठ असेल तर तिला आणखी ताठ करून तराजू हलत नाही. स्प्रिंगा दुप्पट कडक केल्या, चिकट टायर घातले, की मग पाचवी स्प्रिंग लुडबुड करायला लागते, जाड अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) लावून पुढचा-मागचा तोल बदलायला जावं तर अर्धी मेहनत बॉडीच पिळून खाते. त्या माणसाने हे किट पहिल्या दिवशी घ्यावं. मी तो माणूस नाही.

माझ्या गाडीच्या वळणात फरक पडला तो नंतर, आणि भलत्याच कारणाने. सस्पेन्शनच्या हातांमधली रबरी बुशं १९९१ पासूनची होती. काढली तेव्हा अर्धी भेगाळलेली, दोन तर धातूपासून सुटलेली. शिवाय चाकांचे कोन जुळवायचे जे एक्सेंट्रिक बोल्ट असतात, दर चाकाला दोन, ते या देशातल्या या गाडीत हमखास गंजून बुशाच्या नळीत बसतात. माझे आठांपैकी पाच बसले होते. उष्णता दिली, तेल सोडलं, शिव्या दिल्या, शेवटी करवतीने कापले. नवी बुशं, नवे बोल्ट, मग चारही चाकांचं अलाइनमेंट, आणि १४ इंची रिंगवर कंपनीने दिलेल्याच मापाचे, १८५/६०, पण चांगले टायर. त्या दिवशी घरी येताना पहिल्याच राउंडअबाउटवर मी एकटीच हसले. मी जिकडे बघावं तिकडे गाडी जात होती. पुढच्या वेळी कर्बरोला स्टॉपवॉचलाही ते कळलं. आंधळी परीक्षा घ्यायची गरज कुणालाच वाटली नाही.

हे सांगितल्यावर आबा नेहमीसारखे एका वाक्यात मोकळे झाले. “टूल बोथट ठेवून बेडला शिव्या द्यायला लागली होतीस तू.”

तरीही किट काढणार का? नाही. १४ किलो वाढले, पोट जमिनीला बोटभर जवळ आलं, कौन्सिलने बसवलेल्या उंच गतिरोधकावर दोनदा खरवडलं. पण रोज हातात येणारी गाडी एकसंध झाली आहे, छत उघडं असताना नवरा आता फोनवर बोलू शकतो, आणि कुणी मूर्खाने पुन्हा पन्हळीखाली जॅक लावला तर पन्हळ नाही, त्याचा जॅक हरेल. थरथर थांबवायची असेल तर किटला माझे पाचपैकी साडेतीन. वळणासाठी घेत असाल तर पाचपैकी एक, तोही माझ्या मनगटाची दया येऊन. भंगारातल्या ६० पौंडांच्या ब्रेसना साडेचार.

स्ट्रट बार अजून छत्र्यांच्या स्टँडमध्येच आहे. डर्बीच्या आसपास कुणाला हवा असेल तर ३० पौंडांना देईन, नट माझ्याकडचे. दिसायला खरंच देखणा आहे.